माप शिक्षकाचे, किंमत मुलाची

शिक्षकाच्या कामाचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. गावातल्या शिक्षकाला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावांत तो १५ ते २० रुपये असावा, अशी मागणी करून ते सुचवतात की ज्या शिक्षकाची जास्त मुले पास होतील त्याला उत्तेजन म्हणून पगाराखेरीज काही भत्ता द्यावा. त्याच निवेदनात, निकाल पाहून अनुदान देण्याच्या तेव्हाच्या सरकारी पद्धतीविषयी मात्र ते म्हणतात की गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवण्यासाठी ही पद्धत योग्य नाही. अशा लोकांत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढायला कोणी शिक्षक तयार होणार नाही, कारण त्यावर त्याचे पोट भरणार नाही.

एकीकडे निकालावर बक्षीस मागायचे आणि दुसरीकडे निकालावरचे अनुदान नाकारायचे, हे वरवर पाहता विसंगत वाटेल. मला ते विसंगत वाटत नाही. पहिल्या सूचनेत पोटापुरता पगार आधी पक्का केला आहे, शाबासकी त्यावर आहे. दुसऱ्या पद्धतीत पोटच निकालावर टांगलेले आहे. शिवाय फुले विचारत होते ते शिक्षकापुरते नव्हते. या मापामुळे शिक्षक कोणत्या वस्तीत जाईल आणि कोणत्या वस्तीत जाणार नाही, हे ते पाहत होते. मूल्यमापनाच्या कोणत्याही पद्धतीला विचारण्याजोगा पहिला प्रश्न मला तोच वाटतो: हे माप लावले की वर्गातल्या कोणत्या मुलाकडे शिक्षकाची पाठ फिरेल? या पुस्तकात शाळा आणि महाविद्यालये यांतल्या मूल्यमापनाच्या पद्धती एकेक करून तपासल्या आहेत. त्या वाचताना वाचकाने हा प्रश्न जवळ ठेवावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना आहे.

ज्या पद्धतीला फुल्यांनी नकार दिला ती इंग्लंडहून आली होती. १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने तिथे शाळांच्या अनुदानाची नवी नियमावली आली. सरासरी हजेरीवर दर मुलामागे चार शिलिंग आणि पुरेशी हजेरी भरलेल्या मुलाने तपासनीसासमोर वाचन, लेखन, अंकगणित या तिन्ही परीक्षा दिल्या तर आणखी आठ शिलिंग. एका विषयात मूल नापास झाले की दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. सरकारचा पैसा वाया जाऊ नये, गरिबांच्या मुलांनाही निदान लिहिता-वाचता यावे, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. घडले ते असे की ज्या विषयांना शिलिंग नव्हते ते वर्गातून मागे पडले आणि ज्यांना होते ते घोकंपट्टीचे झाले. मुले ठरावीक वाचनपुस्तक पाठ करून तपासनीसासमोर घडाघडा म्हणत. समोरचे पान खरोखर वाचता येते की नाही, हे त्यातून कळत नसे. कवी आणि समीक्षक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते मॅथ्यू आर्नल्ड पोटासाठी शाळा-तपासनीस होते, आणि १८५१ पासून सुमारे ३५ वर्षे त्यांनी हे काम केले. या पद्धतीने शिकवणे यांत्रिक होत चालले आहे, असे त्यांनी आपल्या सरकारी अहवालांतच सरकारला सुनावले. ती मोडीत निघायला शतकाचा शेवट उजाडावा लागला. तोवर मुंबई इलाख्यातल्या खासगी शाळांच्या अनुदानातही ती शिरली होती.

आज आपल्याकडे शिलिंग नाहीत, पण निकालाचा टक्का आहे. दहावीचा शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळेच्या फाटकावर फलक लागतो, मुख्याध्यापकांचा सत्कार होतो, पुढच्या वर्षी प्रवेशासाठी रांग लागते. ज्या पालकांना महाराष्ट्रातल्या शाळा आतून माहीत आहेत, त्यांना १७ नंबरचा फॉर्मही माहीत असतो. नियमित शाळेत नसलेल्यांना खासगी विद्यार्थी म्हणून बोर्डाच्या परीक्षेला बसता यावे, यासाठी ही सोय आहे, आणि कामधंदा करून शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींना तिने दुसरी संधी दिली आहे. पण काही शाळांत नववीतल्या कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून सांगितले जाते की याला १७ नंबरने बसवा, नाहीतर नववीतच ठेवावे लागेल. ते मूल शाळेच्या पटावरून जाते आणि निकालाचा टक्का वाढतो. शिक्षकांनी काही चोरी केलेली नसते, कागदोपत्री सारे नियमात असते. मात्र ज्या मुलाला शिक्षकाची सगळ्यांत जास्त गरज होती, नेमके तेच वर्गाबाहेर गेलेले असते. निकालाचा टक्का हे शिक्षकाचे माप मानले की ही वाट आपोआप तयार होते, आणि ती वाट धरणाऱ्या मुख्याध्यापकाला आपण वर पुष्पगुच्छ देतो.

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात हेच जास्त उघडपणे घडले. तिथे परीक्षेतल्या गुणांवर शाळांची प्रतिष्ठा, बढत्या आणि बक्षिसे अवलंबून होती. २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-अधिकाऱ्यांची नावे आली. मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्याचा ठपका होता. २०१५ मध्ये ज्युरीने ११ जणांना दोषी ठरवले. गुन्हा करणाऱ्यांचा दोष कमी होत नाही. तरी मला त्यातली दुसरी बाजू जास्त अस्वस्थ करते. ज्या मुलाला वाचता येत नव्हते त्याला कागदावर वाचता येऊ लागले, म्हणून त्याला मिळायला हवी होती ती जादा मदत मिळाली नाही.

निकालाचा निव्वळ टक्का अन्यायकारक आहे, हे संख्याशास्त्रज्ञांनाही मान्य होते. त्यातून ‘भर’ मोजण्याची कल्पना निघाली: मूल वर्षाच्या सुरुवातीला कुठे होते आणि शेवटी कुठे पोचले, यातला फरक पाहायचा आणि त्यातला शिक्षकाचा वाटा गणिताने वेगळा काढायचा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात विल्यम सँडर्स या संख्याशास्त्रज्ञाच्या पद्धतीला १९९२ च्या कायद्याने जागा मिळाली आणि पुढच्या वीस वर्षांत ती देशभर पसरली. २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या वृत्तपत्राने तर हजारो प्राथमिक शिक्षकांचे असे गुणांक नावांसकट छापले. कल्पनेत तथ्य आहे. चांगल्या शिक्षकाचा परिणाम मुलाच्या पुढच्या आयुष्यावर, अगदी मोठेपणीच्या मिळकतीवरही दिसतो, असे सांगणारे गंभीर संशोधन आहे. मात्र एकेका शिक्षकाच्या नावापुढे अंक लिहायची वेळ आली की ही पद्धत डळमळते. २०१४ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने, म्हणजे मोजमाप हाच ज्यांचा धंदा आहे अशा लोकांनी, जाहीर निवेदन काढून सावध केले: मुलांच्या गुणांत जो फरक दिसतो, त्यातला शिक्षकाशी जोडता येणारा भाग बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्के इतकाच निघतो. याचा अर्थ शिक्षक महत्त्वाचा नाही असा कोणी काढू नये. घर, शाळा, गावातली परिस्थिती, वर्गातली इतर मुले यांचा वाटा गुणांत इतका मोठा आहे की एका शिक्षकाचा वाटा त्यातून अचूक वेगळा काढणे कठीण आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ह्यूस्टनच्या शिक्षकांना हा गुणांक आणखी वेगळ्या प्रकारे नडला. त्यांच्या नोकऱ्या ज्या गुणांकावर जाऊ शकत होत्या, तो काढण्याचे गणित एका खासगी कंपनीच्या मालकीचे आणि गुप्त होते. आपला गुणांक बरोबर आहे की चूक, हे शिक्षकाला ताडून पाहता येत नव्हते. शिक्षक संघटना न्यायालयात गेली. ज्या आकड्याची शहानिशा करता येत नाही त्यावरून नोकरी घालवणे न्यायप्रक्रियेला धरून होईल का, हा शिक्षकांचा आक्षेप २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने दखलपात्र ठरवला. त्याच वर्षी तडजोड झाली आणि पडताळता न येणाऱ्या गुणांकावरून शिक्षकाला काढणार नाही, असे शालेय जिल्ह्याने मान्य केले.

आता याच्या नेमके उलट उदाहरण, कारण ते लपवून पुढे गेलो तर वाचकाशी प्रतारणा होईल. २००५ पासून आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी मोठा प्रयोग केला. सोडत काढून काही शाळांतल्या शिक्षकांना मुलांच्या प्रगतीनुसार बोनस दिला. बोनस सरासरीने वार्षिक पगाराच्या ३ टक्क्यांच्या आसपास होता. दोन वर्षांनी त्या शाळांतली मुले इतर शाळांपेक्षा गणितात आणि भाषेत स्पष्टपणे पुढे होती. ज्या विषयांना बोनस नव्हता त्या विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांतही पुढे होती. म्हणजे निकाल पाहून बक्षीस दिले की नुकसानच होते, हे म्हणणे टिकत नाही. पण बक्षिसाची रचना नीट पाहावी. पगाराला हात लावला नव्हता, बोनस वरचा होता. मोजली जात होती ती प्रगती, अंतिम गुण नव्हेत. ती वर्गातल्या सर्व मुलांची होती, आणि सुरुवातीच्या परीक्षेला बसलेले कच्चे मूल शेवटच्या परीक्षेला गैरहजर ठेवून कोणाचा फायदा होणार नाही, अशी तजवीज सूत्रातच होती. १७ नंबरची वाट तिथे बांधतानाच बंद केली होती. फुल्यांच्या सूचनेतला भत्ता आणि हा बोनस यांत मला फार अंतर दिसत नाही.

शिक्षकांना कोणी तपासूच नये, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. २००३ च्या सुमारास देशभर सरकारी प्राथमिक शाळांना न कळवता भेटी देऊन केलेल्या पाहणीत दर चार शिक्षकांमागे एक शाळेत नव्हता. महाराष्ट्राची स्थिती त्यात सर्वांत बरी होती, तरीही सुमारे १५ टक्के शिक्षक गैरहजर आढळले. त्याच सुमारास राजस्थानात उदयपूर परिसरात सेवा मंदिर या संस्थेने आपल्या एकशिक्षकी शाळांत कॅमेरे दिले. शिक्षकाने दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांसह फोटो काढायचा आणि पगार हजर दिवसांवर मिळायचा. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली आणि मुलांचे शिकणेही सुधारले. शिक्षक वर्गात आला की नाही, ही गोष्ट मोजता येते आणि मोजलीच पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला दुसरी शाळा नसते. आपल्या मुलाला वाचता येत नाही हे त्याच्या आईला कळते, पण त्याबद्दल कोणाला जाब विचारावा हे तिला कोणी सांगितलेले नसते. मूल्यमापनाला नुसता विरोध करणाऱ्या संघटनांनी या आईचा विचार केला पाहिजे.

तरीही हजेरी मोजणे आणि शिकवणे मोजणे ही दोन कामे आहेत, आणि आपल्याकडे त्यांची गल्लत सर्वांत जास्त महाविद्यालयांत झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी एपीआय नावाची गुणांकन पद्धत आणली. शिकवणे, महाविद्यालयीन उपक्रम आणि संशोधन अशा तीन गटांत गुण. लेखाला इतके, परिषदेतल्या निबंधाला इतके, पुस्तकातल्या प्रकरणाला इतके. वशिल्याने होणाऱ्या बढत्यांना आळा बसावा, सर्वांना एकच उघड नियम असावा, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो. पण शिकवण्याचे गुण जवळजवळ सर्वांनाच सारखे मिळत आणि चढाओढ राहिली ती संशोधनाच्या गुणांची. मग पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणारी नियतकालिके गावोगावी निघाली, आयएसएसएन क्रमांक मिळाला की झाले. एकदिवसीय राष्ट्रीय परिषदा भरू लागल्या, त्यांत दुपारच्या सत्रात पाच-पाच मिनिटांत निबंध वाचले जात आणि संध्याकाळी प्रमाणपत्रे वाटली जात. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्याच मान्य यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला, तेव्हा त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. नंतर केअर नावाची नवी मान्य यादी आली, तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालले, आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली.

या पंधरा वर्षांत वर्गात काय झाले, हे कोणत्याही यादीत लिहिलेले नाही. तालुक्याच्या गावी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला येणारी मुलगी, जिच्या घरात पदवीपर्यंत कोणी पोचलेले नाही, तिला संदर्भग्रंथ कसा वाचावा, टिपण कसे काढावे हे शिकवणारा प्राध्यापक हवा असतो. तिच्यासाठी घालवलेल्या तासाला गुण नव्हता. तो तास लेखाला दिला तर गुण होता. २०१८ च्या नियमावलीने महाविद्यालयीन शिक्षकांच्या बढतीतला एपीआयचा जाच पुष्कळ कमी केला, हे चांगले झाले. पण तिथेही शिकवण्याचे माप म्हणजे नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले: ८० टक्के किंवा अधिक घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० दरम्यान ‘समाधानकारक’. तास घेतला म्हणजे त्यात काय झाले, हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. आणि ज्या महाविद्यालयांत निम्मे शिकवणे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडून होते, जे एका दिवसात दोन गावांत तास घेऊन एसटीने परततात, त्यांचे मूल्यमापन कोणत्या तक्त्यात बसवणार? ज्याला पुढच्या जूनमध्ये काम मिळेल की नाही हे ठाऊक नाही, त्याच्याकडून वर्षभराच्या अध्यापनाचा आराखडा मागणे मला अन्यायाचे वाटते.

मग विद्यार्थ्यांनाच का विचारू नये? विचारावेच. महाविद्यालयांची तपासणी करणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आहे, दुवा येतो, पाच पायऱ्यांच्या मापावर गुण द्यायचे असतात. सर वेळेवर येतात का, मागच्या बाकापर्यंत आवाज पोचतो का, उत्तरपत्रिका तपासून परत मिळतात का, शंका विचारली तर अपमान होतो का, हे विद्यार्थ्याइतके खरे कोणीच सांगू शकत नाही. पण त्याचे आज खूश असणे आणि त्याने खरोखर शिकणे या गोष्टी नेहमी जोडीने जात नाहीत. याचा सर्वांत नेटका पुरावा अमेरिकेच्या हवाई दल अकादमीतला आहे. तिथे विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाकडे जाणार हे सोडतीने ठरते आणि सर्वांची परीक्षा एकच असते. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी १०,००० हून अधिक विद्यार्थ्यांची नोंद तपासून २०१० मध्ये मांडले: ज्या प्राध्यापकांचे विद्यार्थी त्या विषयाच्या परीक्षेत जास्त गुण मिळवत आणि ज्यांना विद्यार्थी जास्त पसंती देत, त्यांचेच विद्यार्थी पुढच्या, त्याच पायावर उभ्या असलेल्या विषयांत मागे पडत. खोलवर शिकवणारे, जास्त अनुभवी प्राध्यापक त्या सत्रात कमी आवडत आणि त्यांचे शिकवलेले पुढे उपयोगी पडे. आवडीच्या गुणांवरच बढती दिली, तर असा प्राध्यापक दोन-तीन वर्षांत सोप्या नोट्स वाटायला शिकेल. कॅनडात २०१८ मध्ये टोरोंटोच्या तेव्हाच्या रायर्सन विद्यापीठातल्या वादात लवादाने निवाडा दिला की नोकरीत कायम करताना किंवा बढती देताना विद्यार्थ्यांच्या या गुणांवरून शिकवण्याची परिणामकारकता ठरवता येणार नाही. शिक्षक स्त्री आहे की पुरुष, वंश कोणता, उच्चार कसे, यांचाही या गुणांवर परिणाम होतो, हा त्यातला एक आधार होता. आपल्याकडे जात, बोली आणि गाव यांचाही होत असणार, असे मला खात्रीने वाटते. पहिल्या पिढीच्या, बोलीचा हेल असलेल्या प्राध्यापिकेला शहरी वर्गात कसे ऐकले जाते हे मी जवळून पाहिले आहे.

परिस्थिती लक्षात घेणे ही न्यायाची अट आहे, आणि तीच बहुतेक तक्त्यांत सुटते. बीड जिल्ह्यातल्या शाळेत दिवाळीनंतर ऊसतोड टोळ्यांबरोबर मुले कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नंदुरबारमध्ये पहिलीतले मूल भिली किंवा पावरी बोलते, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी, आणि पुस्तक प्रमाण मराठीत असते. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळतो, आणि दुसरा मतदारयादीच्या कामावर गेला की सगळ्याच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. त्यानंतरही माहितीचे रकाने भरणे, पोषण आहाराच्या नोंदी, उपक्रमांचे फोटो पाठवणे यांत शिक्षकाचा दिवस जातो. दुसऱ्या टोकाला लातूर किंवा पुण्यातले कनिष्ठ महाविद्यालय घ्या, जिथे विद्यार्थ्याचा प्रवेश कॉलेजात असतो आणि शिकणे खासगी क्लासमध्ये. त्याच्या नीटच्या गुणांचे श्रेय कोणाच्या नावावर लिहिणार? आणि तो नापास झाला तर दोष?

शाळेच्या श्रेणीवरून शिक्षकाचा न्याय करण्याचा प्रयत्न महाराष्ट्राने करून पाहिला आहे. नोकरीची १२ आणि २४ वर्षे झाल्यावर मिळणाऱ्या वरिष्ठ आणि निवड श्रेणीला २०१७ च्या शासन निर्णयाने शाळा प्रगत असण्याची आणि तिच्या श्रेणीची अट जोडली. एका माणसाची वेतनश्रेणी अख्ख्या शाळेच्या गुणांवर, ज्यांत इमारत, स्वच्छतागृहे, सहकारी असे सगळे येते. शिक्षकांनी विरोध केला, पुढे ती अट मागे घ्यावी लागली. मागे घेतली हे बरे झाले, पण तिच्या जागी शिकवणे पाहणारी कोणतीही चांगली व्यवस्था आली नाही, ही माझी तक्रार आहे.

शिकवणे पाहायचे तर वर्गात बसावे लागते, याला पर्याय नाही. तेही निर्दोष नाही. अमेरिकेतल्या चार शालेय जिल्ह्यांच्या २०१४ च्या अभ्यासात दिसले की ज्यांच्या वर्गात आधीच हुशार मुले आहेत, त्या शिक्षकांना निरीक्षकही जास्त गुण देतात. म्हणून निरीक्षक एक नसावा, एकदाच येऊ नये, त्याला तो विषय आणि ती इयत्ता शिकवण्याचा अनुभव असावा आणि वर्ग कोणत्या मुलांचा आहे हे त्याला आधी माहीत असावे. ओहायोतल्या टोलेडो शहरात १९८१ पासून नवशिक्या शिक्षकांचे मूल्यमापन अनुभवी शिक्षकच करू लागले. हे मार्गदर्शक त्या काळापुरते स्वतःच्या वर्गातून मोकळे होतात, वर्षभर पुन्हा पुन्हा वर्गात येतात, आधी मदत करतात आणि मग अहवाल देतात. निर्णय शिक्षक संघटना आणि प्रशासन यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ घेते. ज्यांना जमत नाही त्यांना तिथे खरोखर जावे लागते, आणि संघटना त्याच्या आड येत नाही, कारण निवाडा करणारे लोक काम जाणणारे असतात.

आपल्याकडे याची हाडे तयार आहेत, मांस चढवायचे राहिले आहे. केंद्रप्रमुख हे पद याच कामासाठी आहे: हाताखाली मोजक्या शाळा, नियमित भेटी, महिन्याची शिक्षण परिषद. पदे रिकामी ठेवून आणि भरलेल्यांना कागद गोळा करायला लावून आपण ते वाया घालवले. शिक्षणसेवकाची तीन वर्षे ही दुसरी तयार जागा. २००० पासून नवा शिक्षक तीन वर्षे मानधनावर काम करतो. प्राथमिकचे मानधन २०२३ मध्ये वाढून १६,००० झाले. या तीन वर्षांत दर महिन्याला एखादा कसलेला शिक्षक त्याच्या वर्गात बसला असता, तर त्यातून एक उत्तम शिक्षक घडला असता किंवा हे काम त्याचे नाही हे त्याला आणि आपल्याला वेळेत कळले असते. आपण मात्र ती तीन वर्षे कमी पगाराची सोय म्हणून वापरली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. विषयाचे ज्ञान असावे यात वाद नाही. पण वीस वर्षे शिकवलेल्या माणसाच्या वर्गात एकदाही कोणी जाणत्याने बसू नये आणि त्याचे भवितव्य मात्र पर्यायी उत्तरांच्या परीक्षेवर ठरावे, ही वेळ आपण इतकी वर्षे वर्गाचे दार उघडले नाही म्हणून आली आहे.

आणखी एक गोष्ट पुढच्या प्रकरणांत वारंवार येईल: जे लिहिले ते शिक्षकाला दाखवणे. गोपनीय अहवाल ही जुन्या प्रशासनाची देणगी. वर्षानुवर्षे शिक्षकांना आपल्याविषयी काय लिहिले आहे हे बढती नाकारली गेल्यावरच कळत असे. २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी कर्मचाऱ्याच्या अहवालातली प्रत्येक नोंद, फक्त प्रतिकूलच नव्हे, त्याला कळवली पाहिजे आणि त्यावर म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. ह्यूस्टनच्या शिक्षकांनी संगणकाविरुद्ध जे मागितले तेच हे. खासगी अनुदानित संस्थांत ही नोंद आजही कित्येकदा संस्थाचालकाच्या मर्जीची असते, आणि ती पाहायला मागणारा शिक्षक डोळ्यांवर येतो. तिथे कायदा पोचवणे हे मला नव्या कोणत्याही गुणांकनापेक्षा निकडीचे वाटते.

वर्गात बसणारी माणसे तयार करायला, त्यांना वेळ द्यायला पैसा लागतो. टक्का, तक्ता आणि सर्वेक्षण स्वस्त असतात म्हणून ती पुन्हा पुन्हा निवडली जातात. प्रत्येक वेळी वाचवलेला तो खर्च नववीतून बाहेर पडलेल्या मुलाने आणि पहिल्या वर्षाच्या त्या मुलीने भरला आहे.

हे पुस्तक हाती घेणाऱ्यांत मुख्याध्यापक असतील, प्राचार्य असतील, शिक्षण विभागातले अधिकारी आणि संस्थांचे पदाधिकारी असतील. त्यांना माझी विनंती एकच आहे. पुढची प्रकरणे वाचण्याआधी येत्या पंधरवड्यात आपल्या एका शिक्षकाच्या वर्गात, त्याला आधी सांगून, मागच्या बाकावर पूर्ण तास बसा. हातात तक्ता घेऊ नका. सगळ्यांत कच्च्या मुलाशी त्या तासात कोण काय बोलले ते लिहून घ्या, आणि तास संपल्यावर तो कागद आधी शिक्षकाला वाचायला द्या.